पुनवेआधी गेलेली होडी

आत्या, तुझ्या दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे सरकतो न सरकतो तोच कावळा शिवला. लोक ऊन डोक्यावर येईपर्यंत ताटकळतात, हात जोडतात, मेलेल्या माणसाला नाही नाही ती वचनं देतात, शेवटी दर्भाचा कावळा करून सुटका करून घेतात. आपल्यात कुणाला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. मासळीबाजारात तुझ्या शेजारी बसणारी ताराबाय पदराने डोळे पुसत म्हणाली, "मथुराबायचा जीव कशान अडकला नवता गो. मोकली जेली." मला इतका संताप आला की मी पिंडाकडे पाठ फिरवून गाढी नदीच्या काठाने तरातरा चालू लागले. मागे बायका म्हणत होत्या, पोरीला दुःख सहन होत नाही.

दुःख होतंच. पण त्याहून राग मोठा होता, अजून आहे. कशात अडकला नव्हता म्हणजे काय? तुझ्या बापाच्या नावाला लढाईपासून चिकटलेला डाग तसाच आहे. तुझा भाऊ, माझे बाबा, त्या डागापायी मान खाली घालून जगले आणि तसेच गेले. उरणहून येताना एस.टी.त आपलं जे भांडण सुरू झालं ते अर्धवट पडलंय. एवढं सगळं मागे ठेवून तू खुशाल मोकळी झालीस. माझा जीव अडकवलास आणि स्वतःचा सोडवून घेतलास, असला व्यवहार तुलाच जमतो.

आई गेल्यावर मथुरानं भाचीला वाढवलं, असं सगळा कोळीवाडा कौतुकाने सांगतो. कशी वाढवलीस ते मला माहीत. बाजारात तुझ्या पाठीशी, उलट्या टोपलीवर पाटी ठेवून मी बाराखडी गिरवली. पाटीवर खवले उडायचे, ते पुसून पुढचं अक्षर. नव्या पनवेलच्या बिल्डिंगांमधल्या बाया यायच्या, दोन बोटांनी बांगडा दाबून विचारायच्या, "मावशी, ताजा आहे ना?" तू मान वर न करता म्हणायचीस, "आता उडी मारंल. पिशवी उगडी धर." त्या हसायच्या आणि मुकाट घ्यायच्या. चौथीत गुरुजींनी मला वर्गात मागच्या बाकावर बसवलं, मासळीचा वास येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी तू डोक्यावर पाटी घेऊन शाळेच्या पडवीत उभी राहिलीस. "गुरुजी, रइवारी माज्याकडचे बोंबील नेता, तवा वास येत नाय?" त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली तेव्हा पेढे वाटायचे सोडून तू सगळ्या रांगेला जिताड्याचं कालवण घातलंस. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरले असते तर इतका राग आला नसता.

कारण हीच तुझी जीभ वर्षातून एक दिवस मुकी व्हायची. नारळी पौर्णिमेला सगळा कोळीवाडा सोन्याचा कागद लावलेला नारळ घेऊन वाजतगाजत बंदरावर निघायचा, बाया दागिने घालून, गजरे माळून गात पुढे. आपलं दार बंद. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. तू चुलीशी बसून तांदूळ निवडायचीस, निवडलेलेच पुन्हा निवडायचीस. मी फटीतून बघायचे. मला वाटायचं आपल्याकडे कुणाचं सुतक असतं, दरवर्षी त्याच दिवशी.

मोठी झाल्यावर कोळीवाड्यानेच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत माझा आजा, चांगा नाखवा, हावेपायी पौर्णिमेच्या आधी दर्यात होडी घालून गेला. पावसाळ्याचे दिवस, दर्या उधाणलेला, नारळ वाहिलेला नाही, एकही होडी पाण्यात नाही. दर्यानं त्याला गिळला, बरोबरच्या खलाशालाही गिळला. त्या साली जाळ्यांना मासळीही लागली नाही म्हणे. म्हणून पंचांनी ठरवलं की या घरच्या माणसाने नारळाला हात लावायचा नाही. खाडीच्या तोंडाशी आपले डोलीचे, म्हणजे पाण्यात रोवून बांधायच्या जाळ्याचे, खुंट होते. दर्यात शेतासारखा बांध नसतो, पण कुणाचं जाळं कुणाच्या खुंटाला लागायचं हे बापाकडून पोराला मिळतं आणि त्यात कुणी शिरत नाही. आपल्या खुंटात मात्र वाडीचा कारभारी शिरला. पंचांनीच त्याला ते दिले. आजीच्या पदरात तू आणि तान्हे बाबा. तुला स्थळ आलं नाही, कारण दर्याच्या रागातली पोर घरात आणली तर होडी बुडते. बाबांनी पाण्यात पाय घातला नाही, कळंबोलीच्या लोखंडबाजारात वजनकाट्यावर उभे राहिले आणि दमा घेऊन परत आले. "माझा बाप हावरट होता, सुले," असं ते मला म्हणायचे. बाबा दारू पीत नव्हते, नाहीतर मी दारूला दोष दिला असता. शुद्धीत म्हणायचे.

आणि तू ऐकायचीस. तांदूळ निवडत ऐकायचीस. हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बाबा गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या एक्स्चेंजमधले बेंजामिनकाका निवृत्त झाले. पनवेलच्या इस्रायल आळीतले, आपल्यासारखंच मराठी बोलणारे, मुलगी तिकडे इस्रायलला म्हणून तेही निघाले होते. शेवटच्या दिवशी चहा पिताना नारळी पौर्णिमेचा विषय निघाला. काका म्हणाले, "सगळे सांगतात की पौर्णिमेआधी कोळी समुद्रात जात नाहीत. माझे वडील उरणला दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणायचे, लढाईच्या काळात पौर्णिमेआधी एका कोळ्याच्या दंडातून मी गोळी निघताना पाहिली आहे. पोरगा तापात सारखं एकच बोलत होता, माझा नाखवा होडीतच राहिला." काकांनी हे सहज सांगितलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

गोळी. दर्या गोळी मारत नाही, आत्या.

त्या दिवशी घरी येऊन मी तुला सांगितलं तेव्हा तू कालवणात कोकम टाकत होतीस. टाकलंस आणि म्हणालीस, "काका जानार तो जानार, जाताना तुज्या डोस्क्यान भूत घालून जेला." मी चिडले. मला वाटलं तुला आनंद होईल, तू उठून उभी राहशील. तू विचारलंस, भात वाढू का.

मग माझे रविवार उरणला जाऊ लागले. तुला हे आवडत नव्हतं, पण तू डबा मात्र बांधून द्यायचीस, हे मी कबूल करते. करंजा, मोरा, जिथे जिथे जुनी माणसं जाळी विणत बसतात तिथे जाऊन विचारायचं, दंडात गोळी लागलेला माणूस माहीत आहे का? लोक मला वेड्यात काढायचे. एक म्हातारी म्हणाली, "लगीन जमवायचा हाय का गो त्याच्याशी?" ज्या पोराला विचारायचं तो तेल-गॅसच्या कारखान्यात कामाला, ज्या म्हाताऱ्याला विचारायचं तो बहिरा. पण कोळ्यांमध्ये अंगावरची खूण लपत नाही, कमरेच्या वर कपडा असतो कुठे? शेवटी एका सुक्या मासळीच्या वाळवणाशी एका बाईने बोट दाखवलं. "पोशाबाबा. त्याच्या दंडान खड्डा हाय. इचारला तर बोलतो, शिंगाला माशाचा काटा घुसला."

तुला त्याच्याकडे न्यायला किती दिवस गेले. आज गुडघा दुखतो, उद्या मांदेली येणार, परवा अमावस्या. मला वाटलं, भीती वाटते बिचारीला. बिचारी म्हणे.

पोशाबाबा ओसरीवर बसला होता. तू समोर टेकलीस, डोक्यावरचा पदर नीट केलास आणि म्हणालीस, "मी चांगा नाखव्याची मथी." म्हाताऱ्याने हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली. त्याने जे सांगितलं ते मी आता त्याच्याच शब्दांत सगळ्यांना सांगते, तुलाही पुन्हा ऐकवते.

"आमी मासलीला जेलोच नवतो. खाडीच्या भायेर पाहऱ्याचं गलबत नांगरलेलं. त्याची धान्य नेनारी बोट मोडली. सरकारचा मानूस तुमच्या कारभाऱ्याकडं आयला, एक होडी दे, नायतर सगल्या होड्या ओडून नेतो. कारभाऱ्याच्या घरान तीन होड्या. त्यानं आपली नाय काडली. तुज्या बाला बोलला, चांगा, तूच जा, तुज्यावानी खाडी कोनाला ठावं नाय. नाखवा बोलला, पुनव झाल्याबिगर कशी घालू? कारभारी बोलला, तुज्या नावाचा नारल मी वाहतो, तू जा. वाडी वाचंल."

"वाहिला?" मी विचारलं.

"त्याला इचार," पोशाबाबा म्हणाला. "जाताना कायेक झाला नाय. धान्य उतरवला. येताना पाऊस, अंधारून आयलेला. दुसरी पाहऱ्याची बोट आडवी. त्यांना कोनी सांगितलाच नवता. त्यांना येवडाच ठावं, या दिवसांन कोल्याची होडी दर्यान नसते. दिसली म्हनजे दुश्मनाची. आमी वरडलो. पावसान कोन आयकतो? नाखवा तितंच पडला. मी पान्यान उडी टाकली."

मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तू रडशील, किंचाळशील, कारभाऱ्याच्या सात पिढ्या काढशील. तू विचारलंस, "बा जेवला व्हता का?"

"गलबतावर बिस्किटा दिल्ती. मी खाल्ली. त्यानं नाय खाल्ली, कमरेला बांदली. बोलला, मथीनं कदी बगितली नाय."

तेव्हा तू रडलीस. तुझ्या उभ्या जन्मात मी तुला तेवढं एकदाच रडताना पाहिलं. माझाही राग त्या क्षणी विरघळला. पोशाबाबाने पुढे सांगितलं की हात बरा झाल्यावर तो पनवेलला आला होता, वेशीवरच कारभाऱ्याने गाठला, म्हणाला, दुश्मनाच्या होडीतला म्हणून पोलीस तुला शोधताहेत, इथे तोंड दाखवू नको, चांगाच्या घरचं मी बघतो. "भ्यालो," म्हातारा म्हणाला. "अठरा वर्सांचा व्हतो, भ्यालो. मंग भ्यायची सवय झाली." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. ज्याला सांगता येत होतं त्याने शेवटी सांगितलं तरी.

परतीच्या एस.टी.त मी जमिनीवर नव्हते. डोक्यात सगळं जुळवत होते. येत्या पौर्णिमेला पंचांपुढे पोशाबाबाला उभा करायचा. आताचा कारभारी म्हणजे त्याच कारभाऱ्याचा मुलगा बाळाराम. त्याने नारळ हातात घेऊन सगळ्या वाडीसमोर म्हणायचं की चांगा नाखवा आमच्या हुकमाने गेला, वाडीसाठी गेला. बस्स. खुंट नको, काही नको, एवढं एक वाक्य. मी हे सगळं तुला सांगत होते आणि तू खिडकीतून खाडीत पडणारे मातीचे भराव बघत होतीस. मग तू अगदी सावकाश म्हणालीस, "मना ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"कारभारी आपल्या घरान आयलेला, तवा मी तितंच व्हती. चुलीच्या मागं. सगला आयकला."

मला वाटलं गाडी थांबली. गाडी चालूच होती. तू सांगत राहिलीस, बाजारभाव सांगावा तशी. आजोबा आले नाहीत, कारभाऱ्याने 'हावेपायी गेला' असं उठवलं, तेव्हा तू लहान पोर अंगणात उभी राहून ओरडलीस की खोटं आहे, यानंच धाडला. आजीने तुझ्या तोंडावर हात दाबला. दोन दिवसांनी कारभाऱ्याने आजीला पनवेलच्या बाजारात बसायला जागा दिली, अगदी तोंडाशी, येणाऱ्याची नजर आधी पडेल अशी. पंचांची जागा, दुसऱ्या कुणाला मिळाली नसती. "आय बोलली, मथे, घरान हे परत काडू नको. त्या जागंवर बारका जगंल."

"आणि तू काढलं नाहीस."

"नाय काडला. त्या जागंवर तुजा बाप वाडला. तू शिकली."

मी म्हटलं, म्हणजे मी आजोबांच्या रक्तावर शिकले. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "मासली कापली का रगात येतंच. धुवून घ्यावा."

लोक बघत होते तरी मी ओरडले. बाबांना तरी सांगायचं होतंस. एकदा. कानात. तू म्हणालीस, "त्यानं बालारामाच्या बाचा गला धरला असता. जागा जेली असती, माजा भाऊ पन जेला असता. हावरटाचा पोर म्हनून का होईना, जगला." मी म्हटलं, त्याला जगणं म्हणत नाहीत. तू म्हणालीस, ज्यानं मेलेलं बघितलंय त्याला इचार. मी म्हटलं, येत्या पौर्णिमेला मी बोलणार. तू म्हणालीस, मी जिती हाय तवर नाय. कळंबोलीचा फाटा आला, गर्दी चढली, एका बाईने आपल्या दोघींच्या मध्ये पिशवी ठेवली आणि भांडण तिथेच राहिलं.

त्यानंतर आपण बोललो, पण सगळं भाजी, बर्फ, लाइट बिल. मी दोनदा विषय काढला. एकदा तू म्हणालीस, कान दुखतो. एकदा तू मला जवळ घेऊन माझ्या केसांना तेल लावायला बसलीस, आणि मी मूर्खासारखी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून गप्प झाले. पौर्णिमा तोंडावर आली आणि तू निघून गेलीस, ती पौर्णिमा तुझ्या सुतकातच गेली. शब्द पाळायची तुझी खोड मरेपर्यंत टिकली. मला तर वाटतं, त्यासाठीच मेलीस.

आता तू गेल्यानंतरचं ऐक.

तेरावं झालं आणि बाळाराम दोन पंचांना घेऊन घरी आला. मी चहा केला. त्याने तुझं कौतुक केलं, जुन्या पिढीची बाई, कधी कुणाला उणा शब्द बोलली नाही. बशीतला चहा संपवून म्हणाला, "मथुराबायच्या जागंचा बोलायचा व्हता. ती जागा पंचांची. तिला वारस नाय, तू सरकारी नोकरीतली. आमची धाकली सून बसंल आता तितं."

मी विचारलं, "पंचांनी ती जागा माझ्या आजीला का दिली होती?"

"दया," तो म्हणाला. "तुज्या आजानं वाडीचा नुकसान केला, तरी माज्या बानं दया केली."

आत्या, दया. मी हातातली किटली त्याच्या अंगावर ओतली नाही, ती फक्त मी तुझ्या वळणाची म्हणून. मी म्हटलं, जागा रिकामी नाही, मी बसते. पंच हसले. एक म्हणाला, "फोन जोडता जोडता बोंबील कापशील का?"

रविवारी मी बसले. सुट्टीचाच दिवस, कुणाच्या बापाला विचारायचं नव्हतं. तुझा पाट, तुझी कोयती, तुझी गोणपाटाची बैठक. मासळी ताराबायने तिच्या मालातून काढून दिली. पहिल्या सुरमईचे तुकडे असे केले की गिऱ्हाईक म्हणालं, हे काय कुत्र्याला घालायचं आहे का? बोट कापलं. खवले डोळ्यात गेले. माझ्याकडून पापलेट घेणाऱ्या एका बाईने विचारलं, "त्या मावशी कुठे गेल्या? त्या छान बोलायच्या." वारल्या म्हटल्यावर अरेरे म्हणाली आणि कोथिंबीर मागायला लागली. मासळीवालीकडे कोथिंबीर. तू असतीस तर तिला दिलेलं उत्तर शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असतं.

मग बाळारामची सून आली. डोक्यावर भरलेली पाटी, नवी साडी, माझ्याहून लहान असेल. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उठता का? मना सासऱ्यांनी धाडलाय."

मी उठले. आणि आत्या, आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत तुझ्या बोलीत बोलले, शाळेनं सोडवलेली ती बोली आपोआप तोंडात आली. "बस. पन बसायच्या आदी आयकून घे. ही जागा माज्या आज्याच्या मरनाची हाय. तुज्या आजेसासऱ्यानं त्याला पुनवंच्या आदी दर्यान धाडला, सोताच्या होड्या वाचवल्या, आनि वर त्याला हावरट ठरवला. माजी आजी गप बसावी म्हनून ही जागा दिली. दया नाय ती. आता बस."

सगळी रांग थांबली. कोयत्या थांबल्या. मला वाटलं, आता वादळ उठणार, बाया विचारणार, काय सांगतेस, कुणी सांगितलं, पुरावा काय. पोशाबाबाचं नाव माझ्या जिभेवर तयार होतं.

कुणी काही विचारलं नाही. सुनेने घाबरून ताराबायकडे बघितलं. "खरा हाय?"

ताराबायने मांदेलीचा वाटा नीट रचला. "खरा हाय," ती म्हणाली. "समद्यांना ठावं हाय."

"समद्यांना म्हणजे?" मी विचारलं.

"या वलीतल्या समद्या बायांना. मथुराबायनंच सांगितलेला. माज्या सासूला सांगितला, सासूनं मना. नवी कोन बसायला आयली का तिला मथुराबाय पयल्या दिशी सांगायची, आनि शपत घालायची, माज्या घरान बोलायचा नाय." मग तिने सुनेकडे वळून विचारलं, "तुज्या सासरची एक तरी बाय या वलीन कदी बसलेली बगितली? तुजी सासू आयलेली. तिची सासू आयलेली. जागाच मिलत नाय कोनाला. का मिलत नाय, आता समजला?"

पोरगी उभी राहिली. डाव्या-उजव्या बाजूच्या बाया मांडी पसरून बसल्या होत्या, कुणी इंचभर हलली नाही. पाटीतलं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. मला तिची कीव आली, खोटं कशाला बोलू. तिने पाटी सावरली आणि ती आली तशी गेली.

सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, मी काहीतरी जिंकल्यासारख्या. आणि मी तिथे उभी, कापलेल्या बोटाला फडकं गुंडाळलेलं, आणि मला तुझा गळा धरावासा वाटत होता. मी रविवारमागून रविवार उरणची धूळ खाल्ली. वाळवणांवर हिंडले, लोकांची थट्टा ऐकली. आणि तू? तू अख्ख्या बाजाराला सांगितलं होतंस. परक्यांच्या सुनांना, नव्याने बसणाऱ्या प्रत्येकीला. तीन पिढ्या तू कारभाऱ्याच्या घराला त्या ओळीत पाय ठेवू दिला नाहीस, पंचांच्या नाकाखाली स्वतःची पंचायत चालवलीस, आणि संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन घरी येऊन बाबांच्या ताटात भात वाढलास. "तुला नाय सांगितला, कारन तू बोलली असतीस," ताराबाय माझी समजूत काढत म्हणाली. "तुज्या बापाला नाय सांगितला, कारन तो मारायला धावला असता."

धावू द्यायचं होतंस. एकदा तरी आपल्या बापासाठी त्याला धावू द्यायचं होतंस.

तुझी हुशारी मला कळते, तुझं सोसणंही कळतं. त्या जागेवर मी शिकले, त्या भाताने मी वाढले, त्यासाठी मी तुझे पाय धरीन. पण तुझ्या सख्ख्या भावाला त्याचा बाप हावरट नव्हता एवढं सोडून बाकी सगळं तू दिलंस, आणि हे मी तुला माफ करणार नाही. मी आता त्या जागेवरून रोज सांगते, गिऱ्हाईक विचारो न विचारो. त्यासाठी ऑफिसातून सुट्टी घेतली आहे. बाळारामने काल पुन्हा निरोप पाठवला, बसून बोलू या. मी उलट निरोप धाडला, उभं राहून बोल, बाजारात ये. येईल, नाहीतर त्याच्या तीन पिढ्यांना तिथेच उभं ठेवीन. पण तो आला आणि सगळ्या वाडीसमोर बोलला, तरी ज्याने ते ऐकायला हवं होतं तो वजनकाट्यावरचा दमा घेऊन खोकत खोकत गेला. उद्या रविवार आहे. बर्फ सांगून ठेवलाय.